लेकराच्या मुठीतील चिंधी

लहान मूल असलेल्या घरात पुष्कळदा एक चिंधीही असते. ती कोठे आईच्या विटलेल्या लुगड्याचा तुकडा असते, कोठे बाप्तिस्म्याच्या वेळी आलेल्या दुपट्याचे उरलेसुरले कापड, कोठे वाकळेचा उसवून लोंबणारा कोपरा, तर कोठे एक कान तुटलेला कापडी ससा. मूल ती मुठीत धरून अंगणभर ओढीत नेते, तिचे टोक गालाला घाशीत अंगठा चोखते, आणि दिवेलागणीनंतर डोळ्यांवर झोप आली म्हणजे सर्वप्रथम तिचाच धावा करते. धूळ, दूध आणि लाळ यांचा मिळून तिला असा काही वास येतो की, मोठ्या माणसांस तो नकोसा वाटावा. मुलाला मात्र नेमका तोच हवा असतो.

या चिंधीविषयी घरातील मंडळींचे मत सहसा चांगले नसते. पाहुणे आले की आई ती लपविते. रविवारी मिस्सेला निघताना ती मुलाच्या हातून सोडविण्यासाठी घरात रडारड होते. आजोबा ‘एवढा घोडा झाला, तरी चिंधी सुटत नाही’ म्हणून हसतात. थोरली भावंडे ती पळवून मुलाला रडवितात. आणि एखाद्या रात्री, मूल झोपले असता, कोणीतरी शहाणपणा करून ती चुलीत घालते. सकाळी मूल घरभर शोधते, रडते, दोन रात्री नीट झोपत नाही आणि मग गप्प होते. ‘सुटली एकदाची सवय!’ म्हणून घर सुटकेचा निःश्वास टाकते. परंतु त्या मुलाचे खरोखर काय गेले, याचा विचार कोणी करीत नाही. तो विचार आमच्या वाचक मातापित्यांपुढे मांडावा, एवढ्याच हेतूने आम्ही आज ही क्षुल्लक दिसणारी वस्तू हाती घेतली आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. मुलाची चिंधी ही खोड समजून मोडून काढण्याची गोष्ट नाही. आईपासून घटकाभर दूर राहण्याचे, अंधारात डोळे मिटण्याचे आणि नव्या जागी पाऊल टाकण्याचे बळ मूल तिच्या साहाय्याने मिळवीत असते. ते कसे, याचा शोध गेल्या पाऊणशे वर्षांत अनेक जाणत्यांनी घेतला आहे. त्यातील काही ठळक गोष्टी प्रथम सांगतो आणि मग आपल्या घरांकडे वळतो.

लंडनच्या डॉक्टरांचे निरीक्षण

डॉ. डोनाल्ड विनिकॉट यांचा जन्म इंग्लंडातील प्लिमथ शहरी १८९६ साली झाला. लंडनमधील पॅडिंग्टन ग्रीन येथील मुलांच्या रुग्णालयात ते १९२३ सालापासून सुमारे चाळीस वर्षे काम करीत होते. ते आधी बालरोगांचे वैद्य आणि मग मनोविश्लेषक. त्यामुळे पुस्तकातील मूल नव्हे, तर आईच्या मांडीवरील मूल रोजच्या रोज त्यांच्या डोळ्यांपुढे असे. दुसऱ्या महायुद्धास १९३९ साली तोंड लागले, तेव्हा बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने इंग्लंडच्या शहरांतील लक्षावधी मुले आईबापांपासून दूर खेड्यापाड्यांत हलविण्यात आली. ऑक्सफर्डशायर परगण्यात अशा मुलांसाठी चालविलेल्या वसतिगृहांचे सल्लागार म्हणून विनिकॉट यांनी काम केले. घर सुटलेल्या मुलाच्या मनाची काय अवस्था होते, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. पुढे नभोवाणीवरूनही ते मातांशी अगदी साध्या भाषेत बोलत असत.

याच डॉक्टरांनी १९५१ च्या मे महिन्यात लंडनच्या मनोविश्लेषकांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. तो १९५३ साली छापून प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता मुलाची ही चिंधी! मोठमोठ्या विद्वानांच्या सभेत चिंधीवर निबंध वाचावा, याचे आज नवल वाटत नाही. परंतु तोवर आयांना ठाऊक असलेल्या या गोष्टीकडे शास्त्राने असे निरखून पाहिले नव्हते. विनिकॉट यांनी तिला जे नाव दिले, त्याचा मराठीत अर्थ ‘संक्रमण-वस्तू’ असा होईल. एका अवस्थेतून दुसरीत जाताना मूल जिचा आधार घेते ती वस्तू. ओढा ओलांडण्यासाठी आपण साकव घालतो, तशीच ही चिंधी.

हा ओढा कोणता? विनिकॉट यांच्या मते अगदी तान्ह्या मुलाला आपण निराळे आणि आई निराळी हे कळत नसते. भूक लागावी आणि दूध तोंडाशी यावे, थंडी वाजावी आणि ऊब मिळावी. जणू आपण इच्छिले म्हणूनच ते घडले! पुढे आईला हळूहळू थोडा उशीर होऊ लागतो. चुलीवर भात असतो, विहिरीवर कळशी असते, दुसरे मूल हाका मारीत असते. मग त्या तान्ह्याला उमगू लागते की, आई ही आपल्या इच्छेबाहेर येणारी-जाणारी अशी एक वेगळी व्यक्ती आहे. हे उमगणे अवश्य आहे; त्यावाचून मूल वाढत नाही. परंतु ते सोपे नाही.

नेमक्या याच काळात, म्हणजे चौथ्या महिन्यापासून वर्षाच्या आसपास, पुष्कळ मुले हाताशी आलेली एखादी मऊ वस्तू ‘आपली’ म्हणून धरतात. ती आईसारखी मऊ असते, तिला आईचा वास असतो; परंतु ती आई नव्हे हे मुलाला पुरते ठाऊक असते. त्याची कोणी फसवणूक केलेली नसते. आई उठून जाते, चिंधी मात्र मुठीत राहते. अंगठा हा मुलाच्या देहाचाच भाग आहे. देहाबाहेरील जगातून ‘माझी’ म्हणून त्याने उचललेली पहिली वस्तू ही चिंधीच होय.

विनिकॉट यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. मूल या वस्तूला कवटाळते, तसेच रागाच्या भरात तिला चावते, आपटते, पायांखाली तुडविते. आणि तरीही ती तेथेच असते. माझा राग आला तरी माझे प्रिय ते नाहीसे होत नाही, हा धडा मूल तिच्याकडून गिरविते. तिच्यात बदल करण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा. ‘अरे, ही तर नुसती चिंधी’ असे त्याला मोठ्यांनी पटवून देऊ नये; तिच्यात एवढे काय आहे, असे विचारूही नये. हेच मूल पुढे काठीचा घोडा आणि करवंटीची चूल करून खेळू लागते. साध्या वस्तूत आपल्या मनातील काही ओतण्याची जी शक्ती त्या खेळात दिसते, तिचा आरंभ या चिंधीपाशी होतो.

माकडांची पिले आणि अनोळखी खोली

मूल आईला बिलगते ते दुधासाठी, असे पूर्वी अनेक शास्त्रज्ञ मानीत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिलांवर प्रयोग करून ही समजूत तपासून पाहिली आणि १९५८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आईपासून दूर केलेल्या पिलांपुढे दोन बाहुल्या ठेवण्यात आल्या होत्या. एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापडाने मढविलेली. काही पिलांना दूध तारेच्या बाहुलीकडूनच मिळे. तरीदेखील ती दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला वेळ कापडाच्या बाहुलीला घट्ट बिलगून राहत. काही भयप्रद दिसले की, त्यांची धाव त्या कापडाकडेच असे. स्पर्शाची ऊब ही दुधाइतकीच मूलभूत भूक आहे, हे यातून जगाला कळले.

परंतु या प्रयोगाचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे, कारण तो फार करुण आहे. सोबती नसलेली, केवळ कापडाच्या आईपाशी वाढलेली ही पिले मोठेपणी इतर माकडांत मिसळू शकली नाहीत, आणि त्यांतील ज्या माद्यांना पिले झाली, त्यांतील अनेकींना ती सांभाळता आली नाहीत. कापड घटकाभराचा आधार देते. आई मात्र होऊ शकत नाही.

पुढे १९७५ साली रिचर्ड पासमन आणि पॉल वाइसबर्ग या दोघा मानसशास्त्रज्ञांनी मुलांविषयीच एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांना अनोळखी खोलीत नेण्यात आले. काहींसोबत आई होती, काहींपाशी त्यांचे नेहमीचे पांघरूण होते, काहींपाशी आवडते खेळणे होते, तर काहींपाशी काहीच नव्हते. ज्या मुलांचा आपल्या पांघरुणावर जीव होता, ती मुले ते जवळ असता आई जवळ असल्याप्रमाणेच निर्धास्त खेळली, खोलीभर फिरली. नुसते खेळणे असलेली अथवा काहीच नसलेली मुले तशी रमली नाहीत. पांघरूण मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवीत नाही. उलट त्याच्या बळावर मूल कोपऱ्यातून बाहेर येते, असा याचा अर्थ. मात्र पासमन यांनाच नंतर असेही आढळले की, भीती फार वाढली म्हणजे पांघरुणाचे बळ अपुरे पडते. तेथे आईच लागते.

तशीच दुसरी का चालत नाही?

चिंधी हरवली की आई तसलाच दुसरा तुकडा फाडून देते आणि मूल तो भिरकावून देते, हा अनुभव कित्येक घरांतील आहे. यात मुलाचा हट्टीपणा किती आणि खरेपणा किती?

ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखविले होते. एका पेटीत वस्तू ठेवावी आणि शेजारच्या पेटीतून हुबेहूब तशीच दुसरी वस्तू निघावी, असे ते यंत्र. वस्तुतः ती जादूगाराची युक्ती होती. परंतु मुलांना ती खरी वाटली. साध्या खेळण्याची नक्कल निघाली, तेव्हा मुलांनी नवे खेळणे घेण्यास खळखळ केली नाही. पण ज्यांची झोपेची सोबतीण असलेली वस्तू पेटीत जावयाची होती, त्यांतील काहींनी ती पेटीत ठेवूच दिली नाही. आणि ज्यांनी ठेवू दिली, त्यांतील बहुतेकांनी मागितली ती आपली मूळचीच.

आपणा मोठ्यांचे तरी दुसरे काय असते? वडिलांच्या हातातील जुने घड्याळ हरवले, तर त्याच घडणीचे नवे घड्याळ ते दुःख दूर करीत नाही. आजीच्या हातची रोझरीची माळ मण्यांसाठी जपलेली नसते. जी भावना आपल्या ठायी आपण आदराने वागवितो, तीच मुलाच्या ठायी दिसली की तिला हट्ट म्हणणे न्यायाचे नव्हे.

ज्यांच्यापाशी चिंधी नाही

येथे एखादी माता चिंतेने विचारील, ‘आमच्या बाळाला असे काहीच लागत नाही, मग त्याच्यात काही उणे आहे काय?’ तिने मुळीच काळजी करू नये.

इटलीमध्ये गद्दीनी दांपत्याने मुलांच्या तीन समूहांची पाहणी करून १९७० साली ती प्रसिद्ध केली. इटलीच्या ग्रामीण भागातील मुलांत अशी वस्तू बाळगणारी मुले शेकडा सुमारे ५ होती, रोम शहरातील इटालियन मुलांत शेकडा सुमारे ३१, आणि रोममध्येच राहणाऱ्या परदेशी कुटुंबांच्या मुलांत शेकडा ६० हून थोडी अधिक. हा फरक मुलांच्या स्वभावातला नव्हता. ग्रामीण घरांत मूल आईच्या कुशीत वा तिच्या निकट झोपे; शहरात व परदेशी कुटुंबांत ते लवकरच वेगळ्या बिछान्यावर, पुष्कळदा वेगळ्या खोलीत झोपविले जाई. पुढे टोकियो आणि न्यूयॉर्क येथील मुलांची तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. तीतही आईजवळ झोपण्याची रीत असलेल्या टोकियोत अशा वस्तू कमी आढळल्या.

आपल्या खेड्यांतील घरांना यात आपले प्रतिबिंब दिसेल. येथे तान्हे मूल आईच्या कुशीत झोपते. आई नसेल तर आजीच्या, मावशीच्या, थोरल्या बहिणीच्या. झोपताना कोणी आईचा पदर चिवळीत राहते, कोणी तिच्या कानाची पाळी धरते, कोणी तिच्या वेणीचे टोक बोटाला गुंडाळते. ज्याला सगळा पदरच हाताशी आहे, त्याने पदराचा तुकडा कशाला जवळ करावा? म्हणून चिंधी असणे हे आईच्या हयगयीचे चिन्ह नाही, आणि नसणे हे मुलाच्या उणिवेचे लक्षण नाही. ओढा आपापल्या जागी ओलांडला गेला म्हणजे झाले.

आमच्या आज्यांना कोणत्याही निबंधावाचून या गोष्टीतील काही उमगले होते, असे म्हणावेसे वाटते. बाळासाठी नवे कापड विकत आणण्यापेक्षा घरातील जुनी लुगडी धुऊन, थरावर थर घालून, दाट टाके घालून त्यांनी वाकळ शिवली. वापरून मऊ झालेले कापड बाळाच्या अंगाला टोचत नाही, हे त्याचे उघड कारण. पण त्या वाकळेत आईच्या आणि आजीच्या अंगावरचे कापड असते, हेही तितकेच खरे. बाजारातील झगझगीत खेळण्याला ही माया येत नाही. यास्तव मुलाला ‘सवय लागावी’ म्हणून दुकानातून महागाचे अस्वल आणण्याची गरज नाही. मूल निवडील तर आपले आपण निवडील. आणि बहुधा तुम्ही केर पुसण्यासाठी बाजूला काढलेलेच फडके निवडील!

तथापि काळ बदलला आहे, हे विसरून चालणार नाही. आता खेड्यातील माताही नोकरीसाठी सकाळीच घर सोडतात. कोणाचा बाप जहाजावर असतो, कोणाची आई आखाती देशात असते आणि मूल आजीपाशी वाढते. शहरात गेलेल्या लेकी-सुनांच्या घरी आजी नसते. मूल पाळणाघरात जाते. ज्या घरात कालपर्यंत चिंधी लागत नव्हती, त्या घरात आज ती दिसू लागली, तर तिचा अर्थ ओळखला पाहिजे. आणि विनिकॉट यांचा एक इशाराही ध्यानी ठेवला पाहिजे. आई परत येणार ही खात्री मुलाच्या मनात जिवंत असेपर्यंतच चिंधीत जीव असतो. आई फार काळ दूर राहिली, तर त्या चिंधीतील अर्थही हळूहळू मावळतो. दूरदेशी गेलेल्या मातेने आपली साडी मुलाच्या उशाशी ठेवावी, हे उत्तम. पण तिच्यासोबत तिचा आवाज, तिचे बोलणे आणि जवळ कोणा एका मायेच्या माणसाची अखंड सोबत मुलाला मिळाली पाहिजे.

रुग्णालयातील लॉरा

मुलाच्या या आधाराची खरी परीक्षा रुग्णालयात होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातही इंग्लंडातील अनेक रुग्णालयांत आजारी मुलांना भेटण्यास आईबापांवर कडक निर्बंध असत. आई आली की मूल रडते, म्हणून तिने न येणेच बरे, असा त्यामागील विचार. जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाने १९५२ साली एक बोलपट तयार केला. एक दोन वर्षांची मुलगी रुग्णालयात जाते, एवढाच त्याचा विषय. दोन वर्षे पाच महिन्यांची लॉरा बेंबीजवळच्या लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस तेथे राहते. ती आकांत करीत नाही. उलट रडू आवरण्याचा प्रयत्न करते, आणि तेच पाहवत नाही. तिच्याजवळ असते एक कापडी अस्वल आणि तान्हेपणापासूनच्या पांघरुणाचे एक फडके. त्या फडक्याला ती आपले ‘बाळ’ म्हणते. भोवतालच्या अनोळखी माणसांत तिच्या घरातील तेवढेच काय ते तिच्याबरोबर आलेले असते.

हा बोलपट पाहून आरंभी अनेक डॉक्टर व परिचारिका संतापल्या. आमच्या रुग्णालयात मुले सुखी असतात, असे त्यांचे म्हणणे. परंतु ‘शांत बसलेले मूल’ आणि ‘सुखी मूल’ यांतील अंतर एकदा डोळ्यांना दिसले, ते दिसलेच. सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने १९५९ साली शिफारस केली की, आईबापांना मुलांस केव्हाही भेटू द्यावे आणि लहान मुलासोबत आईला रुग्णालयात राहता यावे, अशी सोय करावी. रूढी एका दिवसात पालटली नाही. परंतु पालटू लागली.

आपल्याकडे मुलासोबत आई किंवा आजी रुग्णालयात राहते, ही आपल्या कुटुंबांची मोठी जमेची बाजू होय. तरीही मुलाला टाके घालण्याच्या वा शस्त्रक्रियेच्या खोलीत नेताना आईला दाराबाहेर थांबावे लागते. त्या वेळी मुलाची चिंधी त्याच्या हाती ठेवू देण्याविषयी डॉक्टरांस नम्रपणे विचारावे. स्वच्छतेच्या कारणाने त्यांनी ‘नाही’ म्हटले, तर मूल शुद्धीवर येताच ती त्याच्या हाताशी असेल, इतकी व्यवस्था करावी. घाईघाईने गाडीत बसताना ताप मोजण्याची नळी आठवते, कागदपत्रे आठवतात, पैसे आठवतात. चिंधीही आठवली पाहिजे.

घरी काय करावे?

हे सर्व वाचल्यावर रोजच्या व्यवहारात काय करावे, असा प्रश्न साहजिकच उरतो. आमच्या समजुतीप्रमाणे काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. एक वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असता त्याच्या तोंडाशी सैल फडके, उशी किंवा मऊ खेळणे असू नये, असे बालरोगतज्ज्ञ बजावून सांगतात. त्याने श्वास कोंडण्याचा धोका असतो. इतक्या लहान बाळाची आवडती वस्तू ते जागे असताना व कोणी जवळ असताना त्याच्या हाती असावी. त्यानंतरही लांब दोरी, सुटी बटणे, निघणारे डोळे अशा गोष्टी काढून टाकाव्यात.

दुसरी गोष्ट धुण्याची. चिंधी धुऊ नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु मुलाला न सांगता धुऊ नये. तिच्या वासातच मुलाचे अर्धे समाधान असते, आणि तो एकाएकी नाहीसा झाला तर त्याला ती परकी वाटते. ‘तुझ्या फडक्याला आंघोळ घालू या’ असे म्हणून त्याच्याच हातांनी ती बादलीत भिजवावी, दोरीवर वाळत घालावी, संध्याकाळपूर्वी परत द्यावी. कापड मोठे असेल, तर आरंभीच त्याचे दोन तुकडे करून आळीपाळीने दोन्ही वापरात ठेवावेत. म्हणजे एक हरवला तरी अनर्थ ओढवत नाही. फाटले तर त्याच्यादेखत टाका घालावा.

तिसरी गोष्ट बदलाच्या दिवसांची. धाकटे भावंड जन्मले, घर बदलले, बालवाडीचा पहिला दिवस आला, घरात कोणाचा मृत्यू झाला, अशा वेळी चिंधी अधिक लागते. सोडून दिलेली पुन्हा मागितली जाते. तेव्हा ‘मोठा झालास ना?’ म्हणून टोचू नये. धाकट्यासाठी ती थोरल्याकडून काढून तर कधीच घेऊ नये. आईची मांडी नुकतीच गमावलेल्या मुलाचे तेवढेच उरलेले असते. बालवाडीच्या ताईंना आधी सांगून ठेवावे. पिशवीत ठेवलेला वीतभर तुकडाही पुष्कळ काम करितो. काही आठवड्यांत मूल खेळात रमले की, तो पिशवीतच राहू लागतो.

चौथी गोष्ट लाज आणण्याची. चिंधी लपविणे, जाळणे, तिला मिरची वा कडू औषध लावणे, चारचौघांत मुलाची थट्टा करणे, ‘भिकाऱ्याला देऊन टाकीन’ म्हणून धाक घालणे, हे सर्व वर्ज्य समजावे. तसे केल्याने मूल धीट होत नाही. आपल्याला जे प्रिय आहे ते मोठी माणसे विचारल्यावाचून नाहीसे करू शकतात, एवढेच ते शिकते. मिस्सेला वा लग्नसमारंभाला नेताना अडचण वाटत असेल, तर ‘तिला उशीखाली निजवून जाऊ, आलो की उठवू’ असे त्याच्याशी ठरवावे. आणि परत आल्यावर ती खरोखर तेथे असावी.

तरीही केव्हा काळजी करावी? मूल दिवसभर चिंधी घेऊन एकटेच बसत असेल, हाक मारली तरी वळत नसेल, इतर मुलांत मुळीच खेळत नसेल, बोलणे मागे पडले असेल, किंवा मोठ्या धक्क्यानंतर खाणेपिणे व झोप दीर्घकाळ बिघडली असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे. अशा वेळी चिंधी हे दुखणे नसते. दुखणे दुसरेच असते आणि ते चिंधी काढून घेतल्याने बरे होत नाही.

आपोआप गळणारे पान

‘पण ती सुटणार केव्हा?’ हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो. चिंधीची ओढ बहुधा दुसऱ्या वर्षाच्या सुमारास फार असते. शाळेत जाऊ लागल्यावर बहुतेक मुलांना ती दिवसा लागेनाशी होते, झोपताना वा आजारात काही काळ लागते, आणि मग तीही वेळ येत नाही. काहींची ती बरीच उशिरापर्यंत राहते आणि त्यांचे त्यावाचून काही बिघडलेले नसते. विनिकॉट यांनी या शेवटाचे फार हळुवार वर्णन केले आहे. मूल ही वस्तू विसरत नाही आणि तिच्यासाठी शोकही करीत नाही. तिचा अर्थ तेवढा हळूहळू ओसरतो. जे तिच्या एकटीत साठले होते, ते आता खेळात, सवंगड्यांत, गोष्टींत, गाण्यांत सर्वत्र पसरलेले असते. पिकले पान झाडावरून गळावे, तसे हे गळणे आहे. हिरवे पान ओरबाडल्याने झाड लवकर वाढत नाही.

म्हणून आमच्या वाचक भगिनींस एवढीच विनंती आहे. सकाळी अंथरुणे उन्हात घालताना वाकळेच्या घडीतून ते मळके फडके खाली पडले, तर ते केरात लोटू नका. मुलाने अजून मागितले, तर त्याच्या हाती द्या. आणि मागेनासे झाले असेल, तर धुऊन, घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवून द्या. तेथे ते फार जागा घेत नाही.